दोन नळ्या

११ जून

जाऊबाई,

नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही तिकडे बऱ्या असाल. रीत संपली.

तुमचं पत्र फोमच्या टेम्पोवाल्याने आणून दिलं. मी माझ्या फोनवर तुमचा नंबर बंद केल्यावर तुम्ही गप्प बसाल असं वाटलं होतं, तर तुम्ही त्या बिचाऱ्याला पोस्टमन केलंत. दोन्ही दुकानांना फोम तोच पुरवतो, म्हणून दोन्ही घरांची भांडणंही त्यानेच वाहायची का? माल उतरवून झाला तरी जाईना. म्हणाला, "मोठ्या ताईंनी सांगितलंय, उत्तर घेतल्याशिवाय येऊ नकोस." मी म्हटलं, उत्तर जड आहे, टेम्पोत मावतंय का बघ.

म्हणून लिहिते. एकदाच.

वाटणी झाली तेव्हा तुम्ही कापायचं मोठं टेबल घेतलंत, लांब कात्री घेतलीत, शिवणाऱ्या बायकांतल्या दोन चांगल्या बायका घेतल्यात. भाऊजींनी सोफ्याचे पट्टे ताणायचं यंत्र उचललं तेव्हा हे दारात उभे राहून नुसते बघत होते, जसं काही दुसऱ्याचंच सामान हलतंय. मी आत जाऊन उशांच्या खोळी उलट्या करत बसले. तेव्हाच ठरवलं, गेलं ते गेलं, पण या माणसांचा आता माझ्या घरात हात नको. आणि तुम्ही आता हात घालताय तो थेट माझ्या मुलीपर्यंत आणि माझ्या अंगापर्यंत.

तुम्ही लिहिता, "मिरची बारा वर्षांची झाली, तिला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची, लस देऊन टाक, टाळू नकोस." मुलगी माझी आहे. तिला मिरची तुम्ही म्हणायला लागलात आणि मग सगळं घर म्हणायला लागलं, तेवढ्यावरून ती तुमची होत नाही. शाळेतूनही चिठ्ठी आली आहे. मी ती पाहिली आहे. मला वाचता येतं.

बारा वर्षांच्या पोरीला ज्या गोष्टीसाठी लस द्यायची, ती गोष्ट तिला सांगायची कशी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ती विचारेल, हे कशाने होतं. ती विचारतेच. भिंतीला पोपडा का आला इथपासून विचारते. तेव्हा मी काय सांगू? तुम्हाला मूल नाही, तुम्हाला उत्तरं द्यावी लागत नाहीत.

हे वाक्य लिहिलं आणि खोडणार होते. नाही खोडत.

दुसरं. "आणि तूही पुन्हा एकदा तपासून घे." पुन्हा का? वाटणीआधी नर्सबाई या एचपीव्ही विषाणूची तपासणी करायला कारखान्यात आल्या होत्या तेव्हा मी नकोच म्हणत होते. मागे लागलात तुम्ही. सोफ्याच्या पाठीशी बसला होतात, तोंडात खिळे धरून बोलत होतात. "अगं, कापसाची काडी आहे, दाभण नाही." सगळ्या बायका हसल्या. मला त्या हसण्यातून बाहेर पडायला पडद्यामागे जाण्यावाचून वाट राहिली नाही. आपल्या हातानेच आत काडी फिरवली, नळीत घातली, संपलं. रिपोर्ट आला तोही तुम्हीच फोडलात आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलात : "थोरली स्वच्छ, धाकटीही स्वच्छ. आता दोघी उजळ माथ्याने काम करा." नर्सबाई म्हणाल्या होत्या की हा विषाणू नसला तर पुढची काही वर्षं बघायचं कारण नाही. ती वर्षं अजून संपलेली नाहीत. मग मी पुन्हा जावं असं तुम्हाला का वाटतं?

मी विचार केला. हा विषाणू कसा येतो ते नर्सबाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हा पुन्हा तपास म्हणणाऱ्या बाईच्या मनात एकच गोष्ट असू शकते. एकतर तुम्हाला तुमच्या धाकट्या दिराचा संशय आहे, नाहीतर माझा. दोन्हीपैकी कुठला, ते स्पष्ट लिहा. पंचक्रोशीत कोणाकोणाला सांगितलंत तेही लिहा.

कामाचं विचाराल तर काम आहे. एका नाट्यगृहाच्या खुर्च्या आल्या आहेत, सगळ्या लाल. माझ्या बसायच्या स्टुलाला मी काळं रेक्झिन लावलं. जुनं कापड सारखं मळायचं. हे आता पुढच्या खोलीत झोपतात, घोरतात म्हणून. मिरचीची उंची वाढली. तुमच्याकडे गेलेल्या टेबलाच्या जागी आम्ही दोन दरवाजे जोडून टेबल केलं आहे. कापड त्यावरही सरळच कापलं जातं.

तुमच्या धाकट्या दिराची बायको


२९ जून

जाऊबाई,

नमस्कार धरून चला.

टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात लिहिते.

दवाखान्यात गेले होते. तुमच्या सांगण्यावरून नाही. त्यांना बाकांवर गाद्या करून हव्या होत्या, मापं घ्यायला गेले आणि गेलेच आहे तर दाखवून घेऊ म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी आत बघितलं. आधी बोलत होत्या, मग बोलायच्या थांबल्या. दुर्बिणीसारखं काहीतरी लावून पुन्हा बघितलं आणि गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. अजून काही कळलेलं नाही. कळलं तरी तुम्हाला कळवेनच असं नाही.

मी त्यांना म्हटलं, माझी तपासणी झालेली आहे, स्वच्छ आहे. त्यांनी नर्सबाईंना बोलावलं. त्याच, आपल्याकडे आलेल्या. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"सोफ्याच्या कारखान्यातल्या ना तुम्ही? तुमच्या मोठ्या जाऊबाई कशा आहेत? काय बोलायच्या हो त्या."

"अजून बोलतात."

"त्या दिवशी मी चपला घालून निघाले होते, तर पळत आल्या मागून. 'बाई, माझी काडी पडली, दुसरी द्या.' तुमच्या कारखान्यात तेवढी एकच जास्तीची लागली, म्हणून लक्षात आहे माझ्या."

कपडे सारखे केले आणि बाहेर येऊन बसले.

तुमची काडी कशी पडेल जाऊबाई? तुमची तर सकाळीच झाली होती. सगळ्यांच्या आधी तुम्ही गेला होतात. बाहेर येऊन नळी नर्सबाईंच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "माझं तिकीट फाटलं, आता तुम्ही या." तुमची नळी त्यांच्या पिशवीत जाताना मी पाहिली. माझी नळी टेबलावर ठेवून मी मिरचीला शाळेतून आणायला गेले होते. परत आले तेव्हा नर्सबाई गेल्या होत्या आणि तुम्ही म्हणालात, "दिली गं तुझी पण."

ती दुसरी काडी कोणाच्या नळीत गेली? आणि तिच्यावर कोण होतं? एका ओळीत उत्तर द्या. गोष्टी सांगू नका.

खाली नाव घालत नाही.


३ जुलै

धाकटे,

आशीर्वाद. ठेवायचा तर ठेव, नाहीतर टेम्पोतून परत पाठव.

एका ओळीत उत्तर मागितलंस ते घे. नळी तुझी, काडीवर मी.

आता बाकीच्या ओळी मी माझ्या मर्जीने लिहिते. तुला वाचायच्या नसतील तर तुझ्या त्या दोन दरवाजांच्या टेबलावर ठेव.

तू काडी नळीत घातलीस, पण बूच दाबून बसवलं नाहीस. नळी ठेवलीस ती टेबलाच्या अगदी कडेला आणि पळालीस. मी ताग्यातून कापड ओढलं, नळी गेली खाली. बूच एकीकडे, काडी थेट फोम चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्यात. काढली तर तिला दाढी आल्यासारखी. मला हसू आलं आधी, खोटं कशाला सांगू. मग नर्सबाई निघालेल्या दिसल्या आणि हसू गेलं.

तुला पुन्हा पडद्यामागे धाडायचं? पहिल्यांदा धाडायला मला काय काय करावं लागलं ते मला माहीत. तू तोंड फुगवून बसलीस, जेवली नाहीस, आपल्या नवऱ्याला सांगितलंस की वहिनी मला बायकांसमोर हसतात. पुन्हा सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघा, देवालाच नको होतं. आणि मग कधीच गेली नसतीस.

म्हणून नवी काडी घेऊन पडद्यामागे मी गेले आणि ती तुझ्या नावाच्या नळीत घातली. त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. तुझ्या नावाचं पार्सल मी घ्यायचे, सही मी ठोकायचे. गिऱ्हाईक "धाकट्या ताई कुठायत" म्हणालं की "मीच आहे, बोला" म्हणायचे. तू कधी विचारलंस का, माझं नाव का सांगितलंत? उलट आत बसून खुशाल चहा प्यायचीस. एका छपराखाली दोघी, एकीचं झालं की दुसरीचं झालं, असंच चालत होतं आपलं. हेही त्यातच धरलं. माझं अंग आणि तुझं अंग वेगळं आहे, हे मला त्या घाईत सुचलं नाही. हसशील. हस.

चुकलं? चुकलं. पण ते मी तुझ्या तोंडून ऐकून घेणार नाही.

आता पुन्हा तपास असं का लिहिलं ते. इथे नवा दवाखाना झाला आहे. आसपासच्या बायकांना तपासणीला बोलावलं होतं, मीही गेले. तिथल्या बाई सांगत होत्या की हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप बसतो, दुखत नाही, खुपत नाही. म्हणून तर काडीने शोधायचा. आणि ज्या पोरींना अजून कशाचाच वारा लागलेला नाही त्यांना लस द्यायची, आणि लस घेतली तरी मोठेपणी तपासणी चुकवायची नाही. मी ऐकत होते. माझा रिपोर्ट आला, स्वच्छ. बाकीच्या बायका एकमेकींना टाळ्या देत होत्या. मी बोटांवर मोजत बसले. मी दोनदा सुटले होते, नव्हे, तुझी धरून तीनदा. आणि तुझी एकदाही तपासणी झालेली नव्हती.

सरळ का नाही लिहिलं म्हणशील. लिहिलं असतं तर तू पत्र फाडून टेम्पोवाल्याच्या अंगावर टाकलं असतंस, माझ्या नावाने तीन गल्ल्या ऐकतील असं ओरडली असतीस, आणि त्या रागात तपासणी राहूनच गेली असती. तुझा राग आला की तुझं काम थांबतं. वीस उशा अर्धवट टाकून तू माहेरी गेलेली बाई आहेस. म्हटलं, आधी जाऊ दे, मग शिव्या खाऊ.

दिराचा संशय, तुझा संशय, असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. ते तुझ्या डोक्यातून निघालं. पंचक्रोशीला सांगायला मला इथे ओळखतं कोण?

आता तुझं बघू.

दवाखान्याच्या बाकांची मापं घ्यायला गेलीस म्हणे. त्या दवाखान्यातली बाकं सिमेंटची आहेत, भिंतीतून काढलेली. मी त्यांच्यावर बसलेय. त्यांच्यावर गाद्या कोण करून घेतं?

आणि काळं रेक्झिन. तू, जी पांढऱ्या कापडावर एक धागा वेगळा दिसला तर शिवण उसवतेस, तू स्वतःच्या स्टुलाला काळं रेक्झिन लावतेस, आणि लिहितेस की कापड मळत होतं. उन्हाळ्यात. रेक्झिनवर. घामाने चिकटायला होतं म्हणून तूच सगळ्या शिवणाऱ्यांची स्टुलं रेक्झिनवरून कापडावर आणली होतीस. नवरा पुढच्या खोलीत. तो घोरतो हे तुला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं का?

केव्हापासून रक्त जातंय? मला सांगू नकोस. डॉक्टरणीला सांग, आणि खरं सांग. तिथे मापं घ्यायला आले होते असलं काही बोलू नकोस.

मला मूल नाही असं लिहिलंस. वाचलं. पुढच्या ओळीवर गेले.

कात्री परत पाठवते आहे. इथे तिला धार लावणारा कोणी नाही. उपकार समजू नकोस.

थोरली.
तू मान नाहीतर मानू नकोस, क्रम बदलत नाही.


२४ जुलै

जाऊबाई,

नमस्कार. तुम्ही कुठलंही पत्र आधी खालून वाचता, म्हणून तुमची गैरसोय करते आणि शेवटचं आधी लिहिते.

तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. लहान आहे आणि जिथे आहे तिथेच दिसतो आहे, असं म्हणतात. गर्भाशय काढणार. पुढे अजून काही करावं लागेल का, ते काढलेलं तपासल्यावर ठरेल. म्हणजे वाचेन असं वाटतं आहे, पण तसं कोणी लिहून दिलेलं नाही, आणि मी आता दुसऱ्यांचं तोंडी धरत नाही.

कात्री मिळाली. धार ठीक आहे. तुम्ही खोटं लिहिलंत.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. काडी, सोल्युशनचा डबा, तुम्ही. मला बघायचं होतं त्या तुमच्याबद्दल काय म्हणतात. कपाळाला हात लावला त्यांनी. "अहो, ही काय शाळेतली हजेरी आहे का, एकीने दुसरीच्या नावाला ओ द्यायला?" मला बरं वाटलं. मी म्हटलं, हेच त्यांना येऊन सांगा. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रक्त केव्हापासून जातंय?"

"थंडीत सुरू झालं."

"पाळी सोडून मध्येच? की संबंधानंतर?"

मी दोन्हीला होकाराची मान हलवली. हे शेजारी बसले होते. त्यांनी खिडकीकडे बघितलं.

"आणि आता पावसाळा आलाय. तेव्हाच का नाही आलात?"

"रिपोर्ट स्वच्छ होता माझा."

"तो तुमचा नव्हता हे तुम्हाला आत्ता कळलं. पण समजा तुमचाच असता. तरी यायचं होतं. असं रक्त दिसलं की रिपोर्ट बाजूला ठेवायचा आणि दाखवायला यायचं. रिपोर्ट कोणाचाही असो."

कोणाचाही असो, असं म्हणाल्या.

हे मी तुम्हाला सांगणार नव्हते. हे पत्र मी आधी एकदा लिहिलं, त्यात एवढा भाग नव्हता. वाचून पाहिलं तर ते पत्र फार चांगलं झालं होतं. तुम्ही त्याच्यापुढे उभ्याच राहू शकला नसतात. मग फाडलं.

पण यातून तुम्ही मोकळ्या झालात असं समजू नका. तो रिपोर्ट नसता तर मी थंडीत गेले असते का? गेले असते असं मला म्हणायचं आहे. तुम्ही म्हणाल, तू तरीही गेली नसतीस. त्याचं उत्तर आता तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. तेवढं दोघींत सामाईक राहू द्या. बाकीचं मी वाटून टाकलं आहे. मोठा वाटा तुमचा. ही वाटणी मी केली आहे, भाऊजींना मध्ये घेऊ नका.

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं ते मला नाही, डॉक्टरीणबाईंना. परत आत जाऊन विचारलं. दार अर्धं उघडं होतं. "पण हे आलं कुठून?" त्या म्हणाल्या, "हा विषाणू बहुतेक माणसांना कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. काहींचा राहतो. तुमच्याकडून, त्यांच्याकडून, लग्नाआधी, नंतर, ते जगातला कोणीही डॉक्टर सांगू शकणार नाही. चोर शोधायला निघू नका. ऑपरेशनची तारीख घ्या." हे तारीख घेऊन बाहेर आले. रस्ताभर माझ्या पुढे चार पावलं चालले. घराशी आल्यावर कुलूप उघडताना म्हणाले, "वहिनींना कळवलंस का?" काय झालं ते त्यांना माहीत आहे, तरी असं विचारतात. त्यांना तुमच्यावर रागावता येत नाही. तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत म्हणे. म्हणून दोघांच्या वाटचं मला एकटीला रागवावं लागतं. दमायला होतं.

मिरचीला सांगितलं. तिला आधी ऑपरेशनचं सांगितलं, मग लसीचं. ती नाट्यगृहाच्या खुर्चीत बसली होती, पाय वर घेऊन.

"कशाने होतं हे?"

"एक विषाणू असतो. मोठी झाल्यावर माणसं एकमेकांच्या जवळ येतात, तेव्हा लागतो. बऱ्याच जणांना लागतो. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही."

"मग तू हळू आवाजात का बोलतेयस?"

मी आवाज मोठा केला. म्हटलं, तो लागण्याच्या आधी लस घेतली तर तो बसू शकत नाही. म्हणून तुला आत्ता द्यायची.

"तुला का नाही दिली?"

"माझ्या वेळी नव्हती."

"मग तुझ्या वेळी काहीच नव्हतं?"

"तपासणी होती."

"केली नाहीस?"

जाऊबाई, तिथे मी तुमचं नाव सांगू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. तिच्या डोळ्यांत तुमची जी काही किंमत आहे ती मी एका वाक्यात उतरवली असती. मी म्हटलं, "माझी राहून गेली." आणि मशीन चालू केलं. हे तुमच्यासाठी केलं नाही. तिला शाळेत कोणीतरी बरोबर न्यायला हवं आहे आणि माझ्याकडे दुसरं कोणी नाही.

ऑपरेशन सहा ऑगस्टला आहे. शाळेतली लसही सहा ऑगस्टलाच आहे. शाळेच्या बाई म्हणाल्या, त्या दिवशी नाही जमलं तर नंतर दवाखान्यात नेऊन देता येईल. मी नको म्हटलं. नंतर म्हटल्यावर माझं काय होतं ते आता मला माहीत आहे. हे माझ्याजवळ असतील. पोरीबरोबर घरचं मोठं माणूस हवं. कोण येईल, असं मी मिरचीला विचारलं, तेव्हा तिने विचारही केला नाही, लगेच "मोठी काकू" म्हणाली.

तेव्हा तुम्ही या. टेम्पोवाला सकाळी येतो, त्याच्या पुढच्या सीटवर बसा. माझ्याकडे येऊ नका. दवाखान्याच्या पायऱ्यांवरही येऊ नका. रडायचं असेल तर तुमच्या गावी रडा. मी शुद्धीवर आले की नाही ते हे तुम्हाला फोन करून सांगतील. तुमचा नंबर त्यांनी कधी बंद केलाच नव्हता, हेही मला आत्ता कळलं आहे. मी तुम्हाला कधी भेटेन ते मी ठरवेन. कदाचित नाही ठरवणार.

शाळेत जा. तिच्याशेजारी रांगेत उभ्या राहा. ती धीट आहे, पण सुई दिसली की पांढरी पडते. ऐन वेळी ती तुमच्या पदराआड शिरेल आणि म्हणेल, "मोठी काकू, आधी तू घे ना." तिला तशी सवय आहे आणि तुम्हाला हो म्हणायची. या वेळी म्हणू नका. तिच्या वतीने काही बोलू नका, हसवू नका, पुढे होऊ नका. नर्सबाईंनी नाव विचारलं तर तिचं तिला सांगू द्या. सुई तिच्याच दंडात गेली पाहिजे, आणि ती जाताना तुम्ही बघितली पाहिजे. डोळे मिटून घेऊ नका.

धाकटी